पंधरा आणि पन्नास यांच्या दरम्यान

मनुष्याने स्वतःच्या हातांनी घडविलेल्या वस्तूंपैकी घर, विहीर, दागिना आणि तांब्यापितळेची भांडी यांना पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्याचा अधिकार आपल्या समाजाने पूर्वापार मान्य केलेला आहे. मोटारगाडीला मात्र तो अधिकार कोणी दिला नाही. तिने दहा-पंधरा वर्षे इमानाने राबावे, मग एका हातातून दुसऱ्या हातात, शहरातून तालुक्याच्या गावी आणि तेथून भंगारवाल्याच्या आवारात जावे, हाच तिचा क्रम ठरून गेला. या क्रमाला ज्यांनी पदरचा पैसा, रविवारची सुट्टी आणि प्रसंगी घरच्या माणसांची नाराजी पत्करून विरोध केला, चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षे एकच गाडी चालती ठेवली, आणि तसे करता करता त्या गाडीच्या प्रत्येक भागाचा स्वभाव ज्यांना अंतर्बाह्य कळून चुकला, अशा पुणे-मुळशी परिसरातील वाहनप्रेमी मंडळींच्या हकिकती आणि त्यांच्या मिस्त्र्यांचे अनुभव या पुस्तकात एकत्र आलेले आहेत. सांगणारी ही माणसे बहुतेक सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्या माघारी या गाड्यांचे काय होणार हा प्रश्न पानापानांतून उभा राहतो, आणि प्रस्तावनेत त्याचाच विचार करणे मला कर्तव्य वाटते.

पुण्याच्या पश्चिमेस चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पौड असा जो रस्ता मुळशीच्या जलाशयाकडे जातो व पुढे ताम्हिणीच्या घाटातून कोकणात माणगावाकडे उतरतो, तो रस्ता या छंदाशी विशेष रीतीने जोडला गेला आहे. एक तर तो जुन्या गाडीला मानवणारा आहे: चढ आहे पण दमछाक करणारा नाही, वळणे आहेत पण निर्दय नाहीत, आणि तळ्याच्या काठाकाठाने जाताना इंजिनाचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता पहाटेच्या वेळी अद्याप शिल्लक आहे. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. पुण्याच्या पेठांतील वाडे पडले, डेक्कन आणि कोथरूडकडील बंगल्यांच्या जागी इमारती उठल्या, आणि ज्या पडवीत किंवा पत्र्याच्या गॅरेजात एखादी फियाट किंवा हेराल्ड वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली असे, ती पडवी व ते गॅरेज पुनर्विकासाच्या नकाशातून नाहीसे झाले. ज्यांचा मुळशी तालुक्यात जमिनीचा एखादा तुकडा होता, त्यांनी आपली गाडी तेथील शेडमध्ये नेऊन ठेवली. ज्यांचा नव्हता, त्यांच्यापैकी अनेकांना ती विकावी लागली. या छंदाला वार्धक्याइतकाच जागेच्या टंचाईनेही घेरले आहे, ही गोष्ट शहराबाहेरच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

मुळशीच्या भूमीवर बसून यंत्राविषयी ममत्वाने लिहिताना एक भान मात्र राखावे लागते. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध येथील मावळ्यांनी सत्याग्रहास आरंभ केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. धरण अखेर झालेच, मुळा नदीचे खोरे पाण्याखाली गेले, आणि भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली. यंत्रयुगाची किंमत कोण मोजतो आणि त्याचे सुख कोण भोगतो, हे या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. म्हणून येथे जुन्या मोटारींची बाजू मांडताना कोणाची जमीन मागावयाची नाही, सरकारी खजिन्यातून अनुदान मागावयाचे नाही. मागणी आहे ती केवळ एवढीच, की जे कौशल्य या लोखंडाच्या निमित्ताने आपल्या माणसांच्या हातांत उतरले, ते त्या हातांबरोबर चितेवर जाऊ नये.

ही मागणी कोणत्या गाड्यांसाठी आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण जुन्या मोटारींचा विषय निघाला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या गाड्या उभ्या राहतात. त्यांचे वैभव नाकारण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपतींची मेबॅक आजही दसरा चौकात येते आणि हजारो लोक ती पाहण्यासाठी गर्दी करतात; अहमदाबादजवळ काठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांनी उभे केलेले वाहनसंग्रहालय जगातील जाणकारांच्या परिचयाचे आहे. त्या गाड्यांना धनी आहेत, पहारेकरी आहेत, विमा आहे, आणि त्यांची किंमत एवढी आहे की कोणत्याही वारसाला त्या भंगारात घालण्याचा मोह होणार नाही. चिंता आहे ती मध्यमवर्गाच्या गाडीची. शाळामास्तराने भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून घेतलेल्या, डॉक्टराने गावोगाव रुग्ण तपासण्यासाठी वापरलेल्या, लग्नात वरातीला आणि आजारपणात इस्पितळाला गेलेल्या गाडीला बाजारात मोल नाही आणि दफ्तरात मान नाही. पण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात तिचे स्थान राजाच्या गाडीपेक्षा कमी नाही, असे माझे ठाम मत आहे.

ही गाडी परकीय होती असेही म्हणता येत नाही. सोलापुरात जन्मलेल्या आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगर वसविणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जोडण्यापासून सुरुवात करून पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. 1954 पासून फियाट 1100 येथे बनू लागली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांचे पुढचे दरवाजे मागील बाजूला बिजागऱ्या असलेले, म्हणजे आजच्या उलट उघडणारे होते. तिच्या गोल, बसक्या ठेवणीवरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणावयास सुरुवात केली, आणि पुढे ज्यांनी ती जिवापाड जपली तेही तिला याच नावाने मोठ्या मायेने संबोधू लागले. 1964 साली डिलाइट आली, मग प्रेसिडेंट, आणि 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली. 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे साधे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि टोपण उघडताच प्रत्येक भाग डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल अशी मोकळी मांडणी हे तिचे वैशिष्ट्य होते.

त्या काळी परवाना-राज्य होते, उत्पादन मोजके होते, आणि गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जी वस्तू पुन्हा सहजी मिळणार नाही ती माणूस दुरुस्त करून वापरतो. भारतातील, आणि विशेषतः पुण्या-मुंबईतील, दुरुस्तीची विलक्षण संस्कृती या टंचाईतून जन्मास आली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि टंचाईचे ते पर्व ओसरू लागले; परंतु तोपर्यंत एक अख्खी पिढी अशी घडली होती, की जिला इंजिनाची टॅपेट बसविणे, कॉन्टॅक्ट पॉइंट घासून त्यांतील फट बरोबर राखणे, कार्बुरेटर उघडून जेट फुंकरीने साफ करणे, या गोष्टी पोहता येण्याइतक्याच स्वाभाविक वाटत असत. आज जे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे आहेत, ते त्या पिढीचे शेवटचे शिलेदार होत.

या मंडळींनी मुळशीत गाडी सांभाळण्यासाठी जे कष्ट घेतले, ते परमुलखातील वाचकास सांगितल्याशिवाय उमगणार नाहीत, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. पिरंगुटपासून पश्चिमेकडे जसजसे जावे तसतसा पाऊस वाढत जातो, आणि ताम्हिणीच्या माथ्यावर एका मोसमात सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे हे नवल राहिलेले नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत हवेत जी ओल भरून राहते, तिच्यापुढे रंगाचा कोणताही थर फार काळ टिकत नाही. गंज दिसतो तेथे धरत नाही; तो दरवाजाच्या आतल्या खालच्या कोपऱ्यात, उंबऱ्याच्या पोकळ पत्र्यात, गालिच्याखालच्या तळाच्या पत्र्यात आणि हेडलाइटच्या मागच्या घडीत धरतो, आणि वरचा रंग फुगून आला म्हणजे आतला पत्रा केव्हाच संपलेला असतो. गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे हा नवख्याचा पहिला अपराध, कारण त्याखाली ओल कोंडते. जाणकार माणूस सुती कापड घालतो, शेडला दोन बाजूंनी वारा ठेवतो, आणि दरवाजांच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची भोके तार घालून मोकळी करतो. गाडी उभी राहिली की ब्रेकच्या तेलात ओल शिरते आणि चाकांमागचे सिलिंडर अडकून बसतात. क्लचची तबकडी चिकटते. उंदीर वायरींचे आवरण कुरतडतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. म्हणून पावसाळ्यातही दर पंधरवड्यास इंजिन सुरू करून ते पुरते तापेपर्यंत चालू ठेवणे, गाडी चार हात पुढे-मागे करणे, हा नेम असतो. खंडेनवमीला इतर शस्त्रांबरोबर पाने-पकडींची पूजा होते, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी चार महिन्यांनंतर पहिल्यांदा रस्त्यावर येते. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने गाडीखाली झोपून हे सारे करावे, असे कोणता वैद्य सांगेल? तरीही ते करतात. मात्र ज्या वर्षी गुडघे वाकेनासे होतात, त्या वर्षापासून गाडीच्याही अखेरीची सुरुवात होते. कारण मालकाच्या देखरेखीशिवाय एक पावसाळा गेला तर गाडी पुन्हा उठू शकते, पण दोन गेले तर क्वचितच.

मालकापेक्षाही दुर्लक्षित राहिलेला मनुष्य म्हणजे मिस्त्री. या पुस्तकाच्या संपादकांनी मिस्त्र्यांना मालकांच्या बरोबरीने स्थान दिले, ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कामगिरी होय. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला टेकवून व मूठ कानाला लावून कोणते बेअरिंग वाजते ते ओळखणे, प्लग काढून त्याच्या चिनी मातीवरचा रंग पाहून मिश्रण जड की हलके ते सांगणे, पुट्टीचे लेप न चढविता शिसे वितळवून पत्र्याचा खळगा भरणे व तो कानशीने असा साफ करणे की हात फिरविल्यावर सांधा लागू नये, ही विद्या कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही. घराण्याच्या गायकीप्रमाणे ती समोर बसून, वर्षानुवर्षे ऐकून आणि चुका करूनच मिळते. मिस्त्र्यांची मुले या धंद्यात आली नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. बापाची काळी पडलेली नखे आणि म्हातारपणी रिकामा राहिलेला हात त्यांनी पाहिला होता. कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपांत आज संगणक दोष सांगतो आणि कामगार भाग बदलतो; तेथे शिकलेला मुलगा हुशार असतो, परंतु जो भाग बाजारात मिळतच नाही तो पुन्हा कसा घडवावा, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलेलाच नसतो. जुन्या मिस्त्र्याचा सारा दिवस याच प्रश्नात जात असे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून एखादा भाग मिळाला तर ठीक. न मिळाल्यास नमुना घेऊन लेथवाल्याकडे जायचे, बुश कातून घ्यायचे, पॅकिंगच्या तावातून गॅस्केट हाताने कापायचे, घासलेला सिलिंडर बोअर करून त्याला मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीमुळे लेथ आणि कुशल टर्नर आजही मुळशीत हाकेच्या अंतरावर आहेत. अभाव आहे तो काय कातावयाचे आणि का, हे सांगणाऱ्या माणसाचा.

आता कायद्याकडे वळू. 15 जुलै 2021 रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच जुन्या वाहनांना स्वतंत्र दर्जा दिला. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ ठरतात. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदणी करावयाची झाल्यास वीस हजार रुपये शुल्क भरून ‘व्हीए’ या अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते. अशी गाडी नित्याच्या वा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तसेच इंधन व दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे, आणि ती घडवून आणण्यासाठी ज्यांनी अर्ज-विनंत्या केल्या ते सर्व धन्यवादास पात्र आहेत. परंतु तिच्या अलीकडे जे मोकळे रान पडले आहे, त्याचा विचार कोणी केला नाही. खाजगी गाडीच्या मूळ नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनी संपते. त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. पुनर्नोंदणीचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये दहा हजार करण्यात आले. दिल्ली परिसरात तर पंधरा वर्षांवरील पेट्रोल-गाड्यांवर आणि दहा वर्षांवरील डिझेल-गाड्यांवर बंदीचाच हुकूम 2018 साली कायम झाला. हवेच्या शुद्धतेचा विचार गंभीर आहे आणि त्याला हरकत घेणे गैर ठरेल. तथापि महिन्यातून एकदा पौडपर्यंत जाऊन येणारी गाडी आणि रोज शंभर मैल धावणारी गाडी यांत कायद्याने भेद केला पाहिजे, एवढे म्हणणे न्यायाला धरून आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाचा ‘एच’ क्रमांक मिळतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या गाडीला रस्ताकर माफ आहे. जुन्या वाहनांची फिव्हा ही आंतरराष्ट्रीय संघटनाही तीस वर्षांचीच मर्यादा मानते. आपण मात्र पंधराव्या वर्षापासून गाडीला संशयित ठरवितो आणि पन्नासाव्या वर्षी वंदन करतो. मधली पस्तीस वर्षे तिने कशाच्या बळावर काढावी, याचे उत्तर नियमांत नाही.

या हिशेबाचा मनुष्याच्या वयाशी मेळ घालून पाहिला म्हणजे खरी अडचण उघड होते. ज्या गृहस्थाने तिसाव्या वर्षी, 1975 साली, नवी पद्मिनी घेतली, त्याची गाडी 2025 साली सन्मानास पात्र झाली तेव्हा तो ऐंशी वर्षांचा झालेला होता. कुर्ल्याहून 1999 साली बाहेर पडलेली पद्मिनी 2049 मध्ये पन्नाशी गाठील, आणि तिचा आजचा साठ-पासष्ट वर्षांचा धनी तेव्हा बहुधा या जगात नसेल. मुंबईच्या टॅक्सीची गोष्ट तर डोळ्यांदेखत घडली: शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे उठली, आणि चार दिवस वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. ती वस्तू नित्य दिसत होती तोवर तिची मोडतोड, तिचे भाग, तिचे मिस्त्री यांची नोंद ठेवावी, असे फारच थोड्यांना वाटले होते.

इंधनाचाही प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांची काळजी करावी लागली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व पॅकिंग फुगविते. दोन्हींवर उपाय आहेत, आणि ते पुढील प्रकरणांत मिस्त्र्यांच्याच शब्दांत आले आहेत.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती आवडीची मीमांसा. या छंदाचे आजवरचे बळ स्मरणात होते. बापाबरोबर पुढच्या सलग बाकावर बसून महाबळेश्वरला गेल्याची आठवण, नंबर लागल्याचे पत्र घरी आले तो दिवस, चाळीतील पहिली गाडी पाहण्यासाठी जमलेले शेजारी, यांतून या पिढीचे प्रेम उगवले. ज्यांनी टंचाई अनुभवलीच नाही, त्या तरुणांकडून तसल्या प्रेमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि म्हणूनच पुष्कळ वृद्ध मंडळी निराशेने म्हणतात की आमच्यामागे हे सारे संपणार. मी या निराशेशी सहमत नाही. लंडनहून ब्रायटनला दर वर्षी नोव्हेंबरात 1905 पूर्वीच्या गाड्यांची जी यात्रा निघते, ती 1896 मधील मूळ यात्रेच्या स्मरणार्थ 1927 पासून सुरू झाली; आज तीत भाग घेणाऱ्या कोणाच्याही बालपणी त्या गाड्या रस्त्यावर नित्य धावत नव्हत्या. स्मरण केव्हाच संपले, तरी छंद जिवंत आहे, कारण तो ज्ञानाच्या आधारावर उभा राहिला: संस्था झाल्या, नियम झाले, कौशल्य शिकविण्याची सोय झाली. अमेरिकेत कॅन्ससमधील मॅक्फर्सन महाविद्यालयात जुन्या मोटारींच्या पुनरुद्धाराची चार वर्षांची पदवी मिळते. इंग्लंडमध्ये बिस्टरच्या जुन्या विमानतळावर तरुण उमेदवारांना ही कारागिरी रीतसर शिकविली जाते. आपल्याकडे औंधची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, कोथरूडच्या टेकडीवर 1966 पासून वाहन-संशोधन करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था आहे, पिंपरी-चिंचवडला वाहनउद्योगाचे हजारो निवृत्त तंत्रज्ञ राहतात. मोटर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला सहा महिन्यांची एक जोड द्यावी, दोन वृद्ध मिस्त्र्यांना मानधन देऊन गुरुस्थानी बसवावे, आणि चार जुन्या गाड्या उघडण्यासाठी द्याव्या, यात अशक्य ते काय आहे?

तरुणांना गोडी नाही हेही खरे नव्हे. मुळशी तालुक्याच्याच एका टोकाला हिंजवडी आहे. तेथे दिवसभर संगणकापुढे बसणारी मुले रविवारी यझदी, जुनी बुलेट आणि यामाहा आरएक्स 100 घेऊन ताम्हिणीला येतात. त्यांच्यातील कित्येकांनी कार्बुरेटर स्वतः उघडून पाहिलेला असतो. दुचाकीला जागा थोडी लागते, पैसा थोडा लागतो, म्हणून त्यांची सुरुवात तेथून होते. या मुलांना मोटारीपर्यंत आणण्याचे काम वृद्धांचे आहे, आणि स्पष्ट बोलावयाचे तर त्यात वृद्धच उणे पडले आहेत. गाडीला हात लावू न देणे, चूक झाली की अपमान करणे, ‘तुम्हाला काय कळणार’ असे म्हणणे, या सवयींनी अनेक होतकरू मुले दूर गेलेली मी पाहिली आहेत. तरुणांपैकी काही जण जुन्या गाडीत विजेवर चालणारी मोटर बसवावी असे सुचवितात. ज्या गाडीचे इंजिन कायमचे गेले आहे आणि जी अन्यथा भंगारात जाईल, तिच्यापुरते ते मला मान्य आहे. परंतु चालते इंजिन काढून टाकून असा बदल करणे म्हणजे ज्या विद्येसाठी ती गाडी राखावयाची, तीच विद्या बाहेर फेकून देणे होय.

शेवटी वारसाहक्काविषयी चार शब्द, कारण बहुसंख्य गाड्या गंजाने मरत नाहीत, कागदपत्रांच्या अभावी मरतात. मालक अचानक जातो. मुले परदेशी किंवा बंगळूरला. विधवा पत्नीला गाडीची किल्ली कोठे आहे ते ठाऊक असते पण नोंदणीपुस्तक कोठे आहे ते ठाऊक नसते. हस्तांतरणासाठी वारसदाखला, ना-हरकत पत्रे, विमा यांची जुळवाजुळव करता करता वर्ष जाते. दरम्यान पावसाळा येतो, आणि शेड मोकळी करून हवी असलेला कोणी तरी भंगारवाल्याला बोलावतो. गाडीबरोबर सुट्या भागांची पेटी, फाटकी मॅन्युअले, चाळीस वर्षांच्या दुरुस्तीच्या नोंदींची वही हेही जाते, आणि त्या वहीचे मोल गाडीहून अधिक असते.

म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्या वडीलधाऱ्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. हे पुस्तक वाचून खाली ठेवण्यापूर्वी नोंदणीपुस्तक, विमा आणि खरेदीची पावती एका जाड पाकिटात घालून त्यावर वारसाचे नाव लिहावे. मृत्युपत्रात गाडीचा स्वतंत्र उल्लेख करावा, आणि घरच्यांपैकी कोणाला हौस नसेल तर ज्याला आहे अशा परक्या मुलाच्या नावे ती ठेवण्यासही संकोच करू नये. दुरुस्तीची वही मराठीत, सुवाच्य अक्षरात पूर्ण करावी. आपल्या मिस्त्र्याला घरी बोलावून त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आणि येत्या दसऱ्यानंतर गाडी प्रथम बाहेर काढाल तेव्हा पौडपर्यंतचा रस्ता एखाद्या विशीतल्या मुलाला चालवू द्यावा, आपण शेजारी बसावे.